मागाहून सापडलेल्या सहा रचना

गेरिके यांनी कागद खिडकीशी धरला. उजेड आरपार आला आणि कागदाच्या पोटात तो बनवणाऱ्या गिरणीचं चिन्ह दिसलं. त्याखाली साल होतं, अठराशे त्रेपन्न.

"लेबेरेख्टला जाऊन किती वर्षं झाली, ओटिलीबाई?"

"येत्या मार्चमध्ये तीन होतील."

"मग तो गेल्यावर दोन वर्षांनी बनलेल्या कागदावर त्यानं ही रचना कशी लिहिली?"

"ती मी केलेली नक्कल आहे. मूळ फाटलं होतं."

"दाखवा की."

"जाळलं."

"सहाही?"

ओटिलीनं मान डोलावली.

लाइपझिगमध्ये संगीत छापणारे बरेच होते, पण लेबेरेख्ट ब्रांडिसचं सगळं गेरिके यांनीच छापलं होतं. छपाईसाठी स्वच्छ नकला नेहमी ओटिली करून द्यायची. संगीतकारांच्या बायका ते करतच, त्यामुळे तिच्या अक्षराचं कुणाला नवल नव्हतं. ब्रांडिस सकाळी कुत्रा घेऊन बाहेर पडायचा तो जेवायलाच परतायचा, आणि आठवड्याला एक नवी रचना तयार असायची. त्याला चालता चालता सुचतं, असं सगळं गाव कौतुकानं सांगायचं. तो गेल्यावर त्याच्या खणात सहा रचना सापडल्या असं ओटिली म्हणाली, तेव्हा गेरिके तिच्यासमोर रडले होते.

पलीकडच्या दालनात गुरुवारची मंडळी जमली होती. कपबशा वाजत होत्या, कुणीतरी व्हायोलिन जुळवत होतं. ब्रांडिसच्या विधवेनं ब्रांडिसचं संगीत वाजवायचं, एवढ्याच सबबीवर ओटिलीला पियानोसमोर बसता येत होतं. गुरुवार गेला की मग फक्त स्वयंपाकघर आणि चर्च.

तिची नणंद दाराला पाठ लावून उभी होती. घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला असत.

"मला पहिल्यापासून वाटत होतं," नणंद म्हणाली. "दादाच्या संगीतात जीव असायचा. या सहा म्हणजे निवलेलं सूप."

"वन्सं, मागच्या गुरुवारी तिसरी ऐकताना तुमचा रुमाल भिजला होता."

"सर्दी झाली होती मला."

गेरिके यांनी खिशातून दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला. "त्याचं समग्र संगीत मी छापायला घेतलंय. त्यात असलं काही मिसळलं तर माझं नाव जाईल. यावर सही करा. आत्ता आत वाचून दाखवतो, आणि समग्रच्या पहिल्या पानावर छापतो. सही नसेल करायची तर कोर्टात भेटू."

"आणि केली तर?"

"तुरुंग टळेल. तुमचे गुरुवार मात्र संपले."

"पियानो मी उद्याच हलवते," नणंद म्हणाली. "माझ्या खोलीत कपाटाला जागा नाही, ते पियानोच्या जागी ठेवू म्हणून कधीची ओरडतेय. मेलेल्या माणसाच्या नावावर आपलं काहीबाही खपवायला लाज वाटायला हवी होती."

ओटिली दाराकडे बघत होती. दाराला नणंद टेकली होती. खिडकीपाशी गेरिके होते.

"सहीच्या वर असेल ते जसंच्या तसं छापाल?" तिनं विचारलं.

"अक्षर न् अक्षर. शब्द देतो. तुमच्या नणंदबाई साक्षीला आहेत."

"आहे तर. आणि वाचताना मोठ्यानं वाचा, मागच्या रांगेत बहिऱ्या काकू बसल्यात."

ओटिलीनं कागद उचलला आणि सावकाश वाचला. "'तीन मार्च अठराशे एक्कावन्न, या दिवसापासून लेबेरेख्ट ब्रांडिस या नावानं पुढे आलेली प्रत्येक रचना माझी, ओटिली ब्रांडिसची, आहे. त्यांनी त्यातला एकही सूर लिहिलेला नाही.'"

"बरोबर आहे ना?" गेरिके म्हणाले.

"तारीख चुकली आहे."

"तीनच मार्च. मी स्वतः खांदा दिलाय त्याला."

"नवरा कधी गेला तेही हिच्या लक्षात नाही," नणंद म्हणाली.

ओटिलीनं टाक शाईत बुडवला. मृत्यूची तारीख तिनं नीट, एका रेघेत खोडली, तिच्यावर आपल्या लग्नाची तारीख लिहिली आणि खाली सही केली.