गिधाडं अजून झाडावर

माळढोकाने मान फुगवली आणि नेमकी तेव्हाच वाकेशोने गाडी चालू केली.

"अगं पोरी!" मागच्या सीटवर न्जागी मास्तर दुर्बीण लावून अर्धे उभे होते, ते धपकन खाली बसले. "आता नाचणार होता तो."

"पुन्हा येऊ, मास्तर. टेकडीपलीकडं गिधाडं जमलीत, ती बघू."

"गिधाडांचं काय कौतुक? या माळढोकासाठी मी एम्बूहून कंबर मोडून घेत आलोय. फुगलेला माळढोक कुणासाठी थांबत नसतो."

मास्तरांनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर पक्ष्यांचा नाद लावून घेतला होता. वाकेशो त्यांची गाइड आणि ड्रायव्हरही. एरवी असल्या हौशी पाहुण्याला तिने नाच संपेपर्यंत हलू दिलं नसतं. पण समोर आभाळात गिधाडं घिरट्या घालत होती, आणि तिचे आबा काल संध्याकाळपासून घरी आले नव्हते.

कुंपण ओलांडून पार्कात शिरलेली बकरी आणायला ते एकटेच गेले होते. पार्कात पायी शिरणं गुन्हा. कळलं तर आबा तुरुंगात आणि तिची नोकरी गेलीच म्हणून समजा. म्हणून सकाळपासून तिने ब्र काढला नव्हता. मास्तरांना चहा दिला, गाडीतून खाली उतरायचं नाही हा नियमही हसत हसत सांगितला. 

तिने रस्ता सोडून गाडी काटेरी झुडपांत घातली. हाही गुन्हाच होता.

आबांना घरात सगळे हसायचे. बकऱ्या वळायला ते कधी उठायचे नाहीत. बसल्या जागेवरून ढेकूळ मारायचे, ते बरोबर चुकार बकरीच्या शिंगावर. "उठायचा आळस मेला, दुसरं काय," आई म्हणायची. वाकेशोला आत्ता ते आठवलं आणि समोरचं धूसर झालं.

वायरलेस खरखरला. दुसऱ्या गाडीवरचा म्वांडोए होता. "वाकेशो, गिधाडं कुठं उतरतायत गं? सिंह असेल तर सांग बाई. माझे पाहुणे सकाळपासून डोकं खातायत माझं."

तिने झुडपांतून गाडी पुढं काढली.

टेकडीला वळसा घातल्यावर गोरखचिंच दिसली. पानं झडलेली, आणि फांद्यांवर गिधाडं. झाडाखाली उंच वारूळ होतं, त्यामागचं काही दिसत नव्हतं.

मास्तरांनी राग विसरून दुर्बीण लावली. "खाली उतरलेली नाहीत. म्हणजे वारुळामागं सिंह जेवतोय. त्याचं आटपेपर्यंत ही मंडळी ताटकळणार."

"किंवा..." वाकेशो थांबली.

"किंवा काय?"

"किंवा अजून जीव आहे."

मास्तरांनी दुर्बीण खाली घेतली. गाइड असं बोलत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. "कोण आहे तिकडं?"

"आबा. माझे वडील."

मास्तर पुढं वाकले. मग म्हणाले, "मग एवढी हळू का चालवतेस?"

गाडी खड्ड्यांवरून उडत निघाली. इतक्यात एका गिधाडाने पंख पसरले. ते फांदी सोडणार, तोच वारुळामागून लाल मातीचं ढेकूळ वर आलं. ते फांदीपर्यंत पोचलंच नाही, वाटेतच खाली पडलं. गिधाडाने थोडा विचार केला, पंख मिटले आणि परत बसलं.

वाकेशोने ब्रेक दाबला. जीव होता. पण आबांचा नेम चुकला होता, आणि आबांचा नेम कधी चुकत नसे. तिने दार उघडलं, मग सकाळी आपणच सांगितलेला नियम आठवून मागे पाहिलं.

मास्तर सीटवर चढून गाडीच्या उघड्या टपातून बाहेर निघाले होते. दुर्बीण गवतावरून फिरत होती. "जा तू. सिंह आला तर ओरडतो."

ती पळाली. मागे वायरलेस पुन्हा खरखरला. "वाकेशो? सिंह आहे का? येऊ का गाडी घेऊन?"

 मास्तर आत वाकून बोलताना तिला ऐकू आलं.

"माळढोक आहे. मान फुगवून नाचतोय बघा. या ना, तुमच्या पाहुण्यांनाही आणा."

"नको नको," म्वांडोए घाईघाईने म्हणाला. "तुमचं चालू द्या, मास्तर."

वाकेशो वारुळापाशी पोचली. झाडावर गिधाडं जराशी सरकून बसली. तिने वळसा घालायला पाऊल उचललं.

तेवढ्यात वारुळामागून दुसरं ढेकूळ आलं आणि बरोबर तिच्या गुडघ्यावर बसलं.