घट्ट झाकणाचा डबा

शेजारच्या फ्लॉसीला तिच्या सहकारी बँकेने सभासद म्हणून पंधरा टक्के लाभांश दिला, वर स्टीलचा मोठा डबा. आख्ख्या नंदाखाल गावात मिरवला तिने. माझा नवरा दुसऱ्या बँकेत अकाउंटंट, आम्ही तिथले सभासद, तरी आम्हाला वाटाण्याच्या अक्षता! "थकलेल्या कर्जांसाठी तरतूद केली, नफा त्यातच गेला. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे," तो म्हणाला. "मग तिच्या बँकेला नियम नाही?" "ते लोक न आलेलं व्याजही नफ्यात धरतात." "तूही धर की!" मी आठवडाभर अबोलाच धरला. पुढच्या वर्षी तपासणीत बिंग फुटलं आणि फ्लॉसीच्या बँकेतून पैसे काढण्यावर बंदी आली. तिच्या नवऱ्याचा पगारही तिथेच अडकला. उसने तांदूळ मागायला ती तोच डबा घेऊन आली, रडवेली. मी काठोकाठ भरून दिला. झाकण लावताना मात्र वाटलंच, इतकं घट्ट बसणारं झाकण आमच्या एकाही डब्याला नाही.