दाराशी चपला

“किताबात लिहिलंय तेच होऊ दे,” असं इब्राहीमनेच जमातीपुढे ठणकावलं होतं. आता मशिदीच्या अंगणात शुक्रवारचं प्रवचन देणारे म्हातारे खतीबसाहेब शरियतच्या त्या जुन्या हस्तलिखित किताबाची पानं सावकाश उलटत होते आणि इब्राहीम साक्षीला आणलेल्या, मागे उभ्या तिघांकडे वळून वळून पाहत होता. समोर त्याची विधवा भावजय कुलसुम मान खाली घालून बसली होती. तिच्यावर बदफैलीचा आरोप त्यानेच केला होता.

“असा आरोप करणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारे चार साक्षीदार आणायचे,” खतीबसाहेब म्हणाले. “पहिल्यापासून हेच चालत आलंय. तू काय पाहिलंस?”

“तिच्या दाराशी परक्या पुरुषाच्या चपला होत्या.”

“चपलांचं सोड. माणूस पाहिलास?”

“मी नाही, पण या तिघांनी...” तो मागे वळला. तिघेही नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या निमित्ताने हौदाकडे निघाले होते.

खतीबसाहेबांचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. “साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटके, असं पुढे लिहिलंय. काय रे, होऊ दे का तेच?”

कुलसुमने मान वर केली. इब्राहीमची नजर पायरीखाली काढून ठेवलेल्या स्वतःच्या चपला शोधू लागली.