शंभराव्या दिवसाची फळी

दुसऱ्या भोकातूनही नुसती भुकटी गळली, तेव्हा दाऊकाकांनी ड्रिल बंद केलं. भिंत जुन्या विटांची, सांध्यातला चुना पार मेलेला. बोटाने गिलावा ठोकत ते वीतभर डावीकडे सरकले. तिथे आवाज भरीव आला. इथे स्क्रूची गिट्टी धरेल, ते म्हणाले.

थोआ फणसाच्या लाकडाची फळी दोन्ही हातांनी तोलून उभी होती. तिच्या नवऱ्याला, लुआनला, जाऊन आज शंभर दिवस झाले होते. दुपारी नातलग शंभराव्या दिवसाच्या विधीला जेवायला येणार होते. त्याआधी त्याचा फोटो भिंतीवर, पूजेच्या फळीवर जायला हवा होता. नाम दिन्ह शहराच्या बाजारातून हा म्हातारा सुतार तिनेच शोधून आणला होता.

चौथा स्क्रू आवळला गेला. थोआने फोटोवरचं कापड काढलं, तसे दाऊकाका बघतच राहिले. ओळखीचे होते का, तिने विचारलं. त्यांनी आधी टाळलं. मग म्हणाले, गेल्या महिन्यात नदीपलीकडे एका घरी असाच फोटो ठेवायला फळी ठोकली. हाच निळा सदरा. तिथेही बायको कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधून होती, आणि दोन लहान मुली.

माणसासारखी माणसं असतात, थोआ म्हणाली. तिला जवळजवळ हसूच आलं.

तेवढ्यात सासू चहा घेऊन आली. दाऊकाकांनी सवयीने मान लववली.

"आजी, तुम्ही इथेही? तिकडची फळी हलत नाही ना?"

सासूने कप टेकवले. ती थोआकडे न बघता खाली बसली.

"मोठी नऊ वर्षांची आहे," ती म्हणाली. "माझ्या रक्ताच्या नाती आहेत गं. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

नऊ वर्षं. मूल व्हावं म्हणून थोआ देवळादेवळांत फळं वाहत होती, ती हीच नऊ वर्षं. प्रत्येक वेळी ही बाई शेजारी हात जोडून बसलेली असे. घरी परतल्यावर थोआ तिचे पाय चेपत असे.

थोआ रडली नाही. तिने फोटो पुन्हा कापडात गुंडाळला आणि सासूच्या मांडीवर ठेवला. नातलग आले की त्यांनाही नदीपलीकडे घेऊन जा, एवढंच म्हणाली.

दाऊकाका ओशाळून स्क्रू काढायला उठले.

"राहू द्या काका," थोआ म्हणाली. मग तिने कपाट उघडलं आणि तळाशी हात घातला. तिच्या वारलेल्या आईचा फोटो चौदा वर्षं तिथे कपड्यांच्या घडीत पडून होता, कारण परक्या कुळाचं माणूस या भिंतीवर चालत नाही, असं सासूने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.

"तिथे माझी आई बसेल."