ओळख पटली

“हात लावू का?” सुतारकाकांनी विचारलं.

“लावा ना, काका. त्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला,” ती म्हणाली आणि तिनं ट्रे त्यांच्या पुढ्यात सरकवला.

पांढऱ्या कागदावर एक निळा स्वेटर पसरलेला होता. काकांनी आधी हात पँटला पुसले. जन्मभर रंधा मारून निबर झालेले हात, पण लोकरीवर त्यांनी ते असे ठेवले की जणू खाली कोणी झोपलं असावं.

ती संग्रहालयात जुनी वस्त्रं दुरुस्त करायची. सगळे तिला डॉक्टरीण म्हणत. हिचे पेशंट कधी कुरकुरत नाहीत, अशी चेष्टाही करत. यंदाचे पेशंट आले तशी ती चेष्टा बंद झाली. पलीकडच्या देशाच्या किनाऱ्यापाशी माणसांनी खच्चून भरलेली एक बोट बुडाली होती. वाळूवर आलेले कपडे तिथल्या संग्रहालयानं गोळा करून जपले होते, पण त्यातलं मीठ उतरवायची सोय त्यांच्याकडे नव्हती. मग दोन्ही संग्रहालयांनी मिळून काम हाती घेतलं. कपडे इकडे यायचे, साफ व्हायचे. ज्यांची ओळख पटेल ते घरच्यांना द्यायचे आणि उरलेल्यांचं दोन्ही देशांत प्रदर्शन भरवायचं.

कपड्यांच्या पेट्यांबरोबर तिकडची अधिकारी बाईही मुक्कामाला आली होती. तिला सगळे पाहुणी म्हणत. एव्हाना इथली भाषा ती अडखळत का होईना, बोलायला लागली होती.

हा स्वेटर पेटीतून निघाला त्या दिवशी डॉक्टरीण डोकं धरून खालीच बसली. बंद पेटीच्या कुबट वासानं होतं असं, म्हणून पाहुणीनं तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं स्वेटर आपल्या टेबलावर घेतला, त्याला पुन्हा कोणाला हात लावू दिला नाही. कामाच्या बाबतीत ती पहिल्यापासून हट्टीच.

“निळाच होता,” काका म्हणाले. “आमच्या हिनंच विणलेला. पण गळा... गळा असा होता का? बायकांचं लक्ष असतं हो अशा गोष्टींकडे. आपण नुसतं म्हणायचं, छान दिसतोय.”

“काकूंना आणायचं होतं.”

“ती कुठली येते! अंथरुणातून उठत नाही. पोरगा त्याच बोटीवर होता, सोबतच्यांनी त्याला बुडताना पाहिलंय, तिला सगळं माहीत आहे. पण घरात काही आलंच नाही ना त्याचं. कशाला कवटाळून रडू, म्हणते. धड रडत नाही की धड जेवत नाही.”

पाहुणी पुढे झाली. “काका, माफ करा. खूण पटली तरच देता येतं. नाहीतर हा काचेत ठेवावा लागेल. ‘अज्ञात’ म्हणून.”

“बरोबर आहे तुमचं.” काकांनी हात काढून घेतला. “कोणाच्या पोराचा असेल, काय सांगावं. खोटं कसं बोलू?”

ते उठले. डॉक्टरीण पाठमोरी, खिडकीशी उभी होती. ते दारापर्यंत पोचले तेव्हा ती वळली.

“काका, बसा जरा. गळा आकसलाय. खाऱ्या पाण्यात लोकर आकसते.”

पाहुणीनं चमकून पाहिलं. “तू तर म्हणाली होतीस, गळा आहे तसाच आहे.”

“तेव्हा तो ओला होता.”

“तुझी खात्री आहे?”

“हा तुमच्याच मुलाचा आहे, काका,” पाहुणीकडे न बघता ती म्हणाली. “माझी पक्की खात्री आहे.”

कापडाच्या बाबतीत तिचा शब्द दोन्ही संग्रहालयांत शेवटचा. पाहुणीनं मान हलवली आणि डोळे टिपले.

काकांनी स्वेटर उचलून तोंडावर धरला. हळूच त्यांनी तो मांडीवर उतरवला. मग म्हणाले, “ही विचारेल, फार हाल झाले का त्याचे. काय सांगू?”

“सांगा...” ती ट्रेमधला कागद सरळ करू लागली. मग ती म्हणाली, “सांगा, एक टाकासुद्धा ओढलेला नाही. कुठं अडकला नाही, झटापट नाही. झोप लागल्यासारखा गेला असेल.”

हे वाक्य तिच्याकडे तयारच होतं.

तिनं स्वेटर मऊ कागदात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरला. काकांनी तो घेतला, पण तिची बोटं सुटेनात.

“सोड आता, पोरी,” काका हळूच म्हणाले. “फार केलंस तू त्याचं.”

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा एरवी अंथरुणात पडून असणारी आई चक्क उठून बसली होती. मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात सुया.

“शेजारणीकडून मागवली. निळीच,” आई म्हणाली.

“कोणासाठी गं?”

“कोणासाठी म्हणजे? दादासाठी! भांडून गेला म्हणून काय झालं, आज ना उद्या येईलच की. आल्यावर अंगात घालायला नको? जाताना नेलेला तो निळा एव्हाना विरला असेल.” आई हसली. हसताना तिच्या गालांवर जरा रंग आला. “माप मात्र पार विसरले बघ मी त्याचं.”

ती चपला न काढताच आईजवळ टेकली. तिनं छाती सांगितली, खांदे सांगितले, बाहीची लांबी सांगितली. गळ्याचा घेरही सांगितला.

टाके घालता घालता आई थांबली.

“अगबाई! इतक्या वर्षांनी बरं लक्षात राहिलं तुझ्या!”