टॅबवर न होणारं काम

लॅपटॉपची बटणं चिकटायला लागली, तसा विराट वैतागून टॅब घेऊन आला आणि लॅपटॉप विकायला निघाला. त्याची आई, सकवारबाई, दारातच आडवी आली.

"विकू नको रे. टॅबवर सगळं व्हायचं नाही."

"का नाही? मेल, मीटिंग, एक्सेल, सगळं होतं. वर वजनाला हलका, आणि दिवसभर वापरला तरी गार! हात लावून बघ."

आईनं हात लावून बघितला. तिचा चेहराच उतरला.

लॅपटॉप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बनशंकरी भागात बोचरी थंडी होती, आणि ताटात इडल्या आल्या त्या चपट्या, टणक.

"आई, आज पीठ फुगलं नाही का?"

"कुठनं फुगणार? ऊब नको? इतके दिवस तू लॅपटॉप चालूच ठेवून झोपायचास, मी पिठाचं पातेलं त्याच्यावर ठेवायची."

विराटचा घास हातातच राहिला. "त्याच्यावर म्हणजे... बटणांवर?"

"मग काय! कधीमधी स्वल्प उतू जायचं, तेवढंच."