गच्चीवरची सतरंजी

अवसेला घराबाहेर पडू नये, असं सासूबाई बजावत होत्या. पण आभाळ चांदण्यांनी अवसेलाच भरतं, म्हणून नवऱ्यानं आम्हा दोघांच्या डोंगरातल्या मुक्कामासाठी तोच दिवस धरला. दुपारी पिशवी भरता भरता ह्यांनी सोनाळा गावावरच्या डोंगरातल्या खोलीवाल्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"काऊन उशीर करता, गजेंद्रभाऊ? वहिनी तं सकाळीच आल्या. गच्चीवर सतरंजी टाकून वाट पाहून राह्यल्या."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "कोन व्हय थे? फोन द्या तिले!"

पलीकडून बाई बोलली. 'अहो' म्हणताना मी ओढते तसाच ओढलेला, माझाच आवाज होता तो.

"अहो, लवकर या ना. अन् तिले घरीच ठेवा."

"हाव," हे हसून म्हणाले, आणि पिशवीतली माझी चादर काढून त्यांनी पलंगावर ठेवली.